आशाच्या फटफटीचे नवे टायर

अल मजाज, शारजा
२९ ऑक्टोबर २००१

ती. मनोरमाताई यांस,

शारजाहून मुरलीधरचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलेलो नाही. शुक्रवारपासून कमरेत उसण भरली आहे, म्हणून पलंगावर उताणा पडून, छातीवर ऑफिसचा ड्रॉइंग बोर्ड घेऊन लिहीत आहे. ओळी उताराला लागलेल्या दिसतील, त्याचा वेगळा अर्थ काढू नये. उसण कशी भरली ते पुढे येईल.) आपली साखर आटोक्यात असेल आणि भाऊसाहेबांचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल असं धरून चालतो. मिरजेत आता पहाटे थोडी थंडी पडत असेल. इथेही उकाडा कमी झाला आहे. संध्याकाळी खाडीवरून वारा येतो, आणि बाल्कनीत बसलं की समोरच्या इमारतींचे दिवे पाण्यात लांब होत जातात. आशा त्यांना पाण्यात सोडलेल्या शेवया म्हणायची. मला ते कधी तसे दिसले नव्हते. हल्ली दिसतात.

आपण मिहिकासाठी पाठवलेले तीनही फोटो पोचले. इस्लामपूरचा इंजिनीअर देखणा आहे. जयसिंगपूरच्या मुलामागे धबधबा आहे, तो स्टुडिओतला असावा. तिसऱ्या फोटोत चौघे जण उभे आहेत आणि त्यातला मुलगा कोणता हे आपण कळवलेलं नाही. मिहिकाने सुरक्षिततेसाठी चौघांनाही नको म्हटलं आहे. या विषयावर सविस्तर शेवटी लिहितो.

त्याआधी एक गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे. जानेवारीत आशाच्या दहाव्याच्या दिवशी कृष्णेच्या घाटावर काय झालं ते आपल्याला आठवत असेलच. पिंड ठेवून बराच वेळ झाला तरी कावळा शिवेना. तीन कावळे घाटाच्या कठड्यावर बसून होते आणि आपसात काही ठरवल्यासारखे दुसरीकडे बघत होते. भाऊसाहेबांनी वर्षश्राद्ध यथासांग करण्याचं कबूल केलं. कावळे बसून. कोणीतरी आशाच्या नावाने वाचनालयात कपाट देतो म्हणालं. कावळे बसून. गुरुजींना पुढचं एक काम होतं, ते घड्याळाकडे बघायला लागले. मग आपण पदर सारखा करून पुढे झालात आणि म्हणालात, "आशे, पोरीचा घोर लावून घेऊ नकोस. वर्ष झालं की मिहिकाला मी माझ्याकडे आणते. चांगलं घर बघून देते." एका कावळ्याने मान वळवली आणि चोच कठड्याला पुसली. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण माझ्या मनात आलं, आणि बहुधा ओठांवरही आलं, की आशा, तुझ्या फटफटीला नवे टायर घालीन. तो कावळा सरळ उडाला आणि पिंडावर येऊन बसला.

सगळ्यांनी आपल्याला हात जोडले. गुरुजी म्हणाले, थोरल्या बहिणीचा शब्द लागतो. (मधे जो वेळ गेला त्याबद्दल भाऊसाहेब म्हणाले की कावळ्यालाही विचार करायला वेळ लागतो.) मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं. पण तेव्हापासून वर्षाच्या आत टायर बदलणं ही माझ्यावरची जबाबदारी होऊन बसली होती. आधी दिवस ढकलले. मग पुढच्या जानेवारीत घाटावर तेच तीन कावळे कठड्यावर बसलेले डोळ्यांपुढे दिसायला लागले, आणि ऑफिसात एअरकंडिशनिंगच्या डक्टचं ड्रॉइंग काढता काढता माझ्या हातून दोनदा डक्टच्या टोकाला चाक काढलं गेलं.

आपण ती फटफटी पाहिलेली नाही, म्हणून थोडं सांगतो. आमच्या इमारतीखालच्या सुपरमार्केटने चार वर्षांपूर्वी सोडत ठेवली होती. कपडे धुण्याच्या पावडरीचा मोठा पुडा घेतला की एक कूपन. पहिलं बक्षीस जीप, दुसरं सोनं. आशाने दुसऱ्या बक्षिसावर नजर ठेवून इतकी पावडर घेतली की पुडे पलंगाखाली मावेनात आणि माझ्या शर्टांना वर्षभर फेस येत राहिला. तिला तिसरं बक्षीस लागलं. पिवळी मोटारसायकल, मोटोक्रॉसची. म्हणजे शर्यतीत मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायला जी वापरतात ती. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही आणि मागे बसायला जागाही नाही. रस्त्यावर आणली तर पोलीस पकडतात. मी विकू म्हणालो. आशा म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा काहीतरी लागलंय मला. राहू दे."

ती राहिली. खालच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीपुढच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. आशाने तिला कमळांच्या चादरीची खोळ शिवली. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की ती चहाचा थर्मास घेऊन खाली जायची, खोळ काढायची आणि फटफटीवर बसायची. आधी एका बाजूला पाय सोडून, पुढे पुढे दोन्हीकडे. हँडल धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. गाडी तिने कधी सुरू केली नाही. तासाभराने वर आली की मी विचारायचो, "कुठे जाऊन आलीस?" (मी सहज विचारलं होतं. पण तिने उत्तर दिलं, म्हणून मग रोज विचारायला लागलो.) ती म्हणायची, आज खोर फक्कानला गेले, समुद्र अगदी रस्त्यापर्यंत आला होता. किंवा, आज पन्हाळ्याला. तीन दरवाजापाशी धुकं होतं, स्वेटर न्यायला हवा होता. एकदा मिरजेलाही आली होती. आपण घरी नव्हतात, दाराला कुलूप होतं असं म्हणाली. मी ती तारीख कुठे टिपून ठेवली नाही, नाहीतर आपण खरोखरच घरी नव्हतात का ते विचारता आलं असतं.

त्या कोपऱ्यात दुपारी ऊन येतं. इथलं ऊन आपल्याकडच्यासारखं येऊन जात नाही, मुक्कामाला राहतं. हळूहळू टायर बसले, रबराला भेगा पडल्या. आशा तेव्हा आजारी होती. उपचारांसाठी आपल्याकडे मिरजेला यायच्या आदल्या संध्याकाळी ती खाली जाऊन लवकर परत आली. म्हणाली, "या टायरांवर आता लांब जाता येत नाही हो. तुम्ही नवे घाला. मग बरी होऊन आले की लाल वाळूवर जाऊ. तुम्ही मागे बसा." लाल वाळू म्हणजे हत्ता रस्त्यावरची मोठी टेकडी. आम्ही गाडीतून जाताना ती नेहमी काच खाली करून तिच्याकडे बघायची. मागे बसायला जागा नाही, हे मी तिला तेव्हा सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

तर टायर. गेल्या महिन्यात मी आधी हमदुल्लाकडे गेलो. हा पठाण इंडस्ट्रियल एरियात टायरचं दुकान चालवतो, आणि आमच्या गाडीचे टायर मिहिका शाळेत होती तेव्हापासून तोच बदलतो. दर दिवाळीला आशा त्याला चकल्या द्यायची आणि तो त्या कडक आहेत अशी तक्रार करत सगळ्या खायचा. तो पार्किंगमध्ये आला, खोळ उचलून त्याने टायरला अंगठा लावला आणि म्हणाला, "साब, ये टायर चला नहीं. खड़ा-खड़ा बुड्ढा हो गया." नवे मिळतील का विचारलं तर त्याला अपमान वाटला. "हमारे पास ट्रक का है, ट्रेलर का है, पानी के टँकर का है. ये मच्छर का टायर हम नहीं रखता." वर तो म्हणाला की भंगारात टाका, बीबीजीच आता नाहीत तर कोणासाठी घालता. तेव्हा नाइलाजाने मला घाटावरची हकीकत सांगावी लागली. (म्हणजे ही गोष्ट आपल्याआधी एका पठाणाला कळली, याबद्दल क्षमस्व.) तो बराच वेळ दाढी कुरवाळत राहिला.

"वादा किसके सामने किया?"

"कौवे के."

"कौवा ने सुना?"

"लगता तो है."

"खलास," तो म्हणाला. "गवाह है तो फिर करना पड़ेगा." आणि स्वतःच पिकअप आणायला गेला.

पिकअपमध्ये फटफटी चढवताना मला एक भयंकर गोष्ट दिसली. पुढचं चाक मोठं आहे आणि मागचं लहान. मी टेपने मोजून पाहिलं. चांगला दोन इंचांचा फरक. इतकी वर्षं ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. सुपरमार्केटवाल्यांनी साध्या बाईमाणसाला फसवून कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं चाक बसवून दिलं, या विचाराने दुबईपर्यंत मी धुमसत होतो. हमदुल्लाही धुमसत होता. परत येताना आपण दोघे तिथे जाऊन त्या मॅनेजरला यल्ला, म्हणजे चल ऊठ, म्हणून खुर्चीतून उठवू असं आमचं ठरलं होतं.

दुबईत फक्त वाळूतल्या गाड्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे. मिहिका ऑफिसातून परस्पर तिथे आली. (ती विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात काम करते हे आपल्याला माहीत आहेच. ते पुढे लागेल.) तिथला रोनित नावाचा मुलगा मराठी निघाला. आई-वडील डोंबिवलीचे, जन्म दुबईचा. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. आमच्या घरीही तेच असल्यामुळे अडचण आली नाही. मी त्याला चाकांची फसवणूक सांगितली. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा हमदुल्लाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अंकल, दे आर ऑल लाइक दॅट." दुकानातल्या सगळ्याच गाड्यांचं पुढचं चाक मोठं होतं. हमदुल्ला लगेच माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला, जणू तो दुसऱ्याच कामासाठी आला होता.

मग रोनितने विचारलं, गाडी कुठे चालवता? कडक जमीन, मऊ जमीन की मधली? टायर त्यावर ठरतो. कडक जमिनीच्या टायरचे गुट्टे, म्हणजे वरचे रबरी उंचवटे, आखूड आणि जवळजवळ असतात, मऊ जमिनीच्या टायरचे उंच आणि लांब लांब. मी खरं ते सांगितलं. म्हणालो, पार्किंगमध्ये. त्याला वाटलं मी थट्टा करतो. मिहिका म्हणाली, "बाबा, प्लीज." तेव्हा मी नीट विचार करून सांगितलं की खोर फक्कान, पन्हाळा, एकदा मिरज.

ताई, त्या दुकानात गारवा होता आणि नव्या रबराचा वास होता. चारी भिंतींवर वरपर्यंत टायर टांगलेले, एकात एक सावल्या पडलेल्या. मला एकदम कासाराच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. आपल्याला माहीत आहे आशा बांगड्या कशा घ्यायची. कासाराला सगळं दुकान उतरवायला लावायची आणि शेवटी पहिल्यांदा पाहिलेलाच जोड भरायची. मी बाहेर पायरीवर बसून वाट बघायचो आणि आत काचेचा आवाज येत राहायचा. मला दुसरी पद्धत माहीत नाही, म्हणून मीही रोनितला सगळे टायर उतरवायला लावले. प्रत्येकाचे गुट्टे दाबून पाहिले, वास घेतला, प्रत्येकाला विचारलं हा किती टिकेल. (वीस वर्षं टिकेल असा हवा, असं मी म्हणालो. रोनित म्हणाला, हे टायर टिकण्यासाठी नसतात, झिजण्यासाठी असतात. असा माल हे लोक उघडपणे विकतात.) मधला टायर मला पटत होता. थोडा खडकावर, थोडा मातीत, कुठेच वाईट नाही. आम्ही आयुष्यभर सगळ्या वस्तू तशाच घेतल्या.

पण सगळ्यात पहिल्यांदा दाराशी दिसला होता तो वेगळाच. त्याला गुट्टे नव्हते, आडवी वल्ही होती, होडीची असतात तशी, रबराची. रोनित म्हणाला, हा फक्त मागच्या चाकाला आणि फक्त वाळूत. वाळू मागे लोटत गाडीला टेकडीवर नेतो. सिमेंटवर चालवलात तर दात हलतील. म्हणजे हा घातला की फटफटी पुन्हा पन्हाळ्याला जाणार नाही, खोर फक्कानला नाही, मिरजेला तर नाहीच. मी तो टायर हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मिहिका येऊन शेजारी उभी राहिली. तिनेही एक वल्हं दाबून पाहिलं. (या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.) मला वाटलं, जिथे आशाचं जाऊन झालं आहे तिथले टायर घेऊन काय करायचं? जायची राहिली ती एकच जागा. मी म्हणालो, हा द्या. पुढे मऊ जमिनीचा साधा.

परवा शुक्रवारी दसरा होता. वर्ष पुरं झालेलं नसल्यामुळे आम्ही सण केला नाही, याची खात्री बाळगावी. तोरण नाही, गोड नाही, कोणाकडे सोनं द्यायला गेलो नाही. फक्त नव्या टायरांची पूजा केली. टायर सणात मोडत नाहीत असं मी धरलं, चुकलं असल्यास गुरुजींना विचारून कळवावं. सकाळी हमदुल्लाच्या पिकअपमध्ये फटफटी घालून आम्ही लाल वाळूवर गेलो. रोनित हेल्मेट घेऊन आला. (त्याचा फोटो आपल्याला पाठवत नाही, कारण त्याचं लग्न ठरलेलं आहे. मी विचारलं.) त्याने मिहिकाला क्लच, ब्रेक समजावून दिलं. तिने पायात आशाचे फिरायला जायचे बूट घातले होते.

मी चाकांना कुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला आणि रिवाजाप्रमाणे मागच्या टायरखाली लिंबू ठेवलं. जन्मभर पाहिलं आहे, चाक पुढे गेलं की लिंबू फुटतं आणि गाडीची दृष्ट जाते. पण ते सडकेवर. वाळूत लिंबू फुटत नाही, खाली जातं, हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि त्याच्यावर वल्ह्यांचा टायर आहे, हेही नाही. मी निरांजनाचं ताट घेऊन अगदी मागे उभा राहिलो, कारण घरी आपण गाडीमागेच उभे राहतो. मिहिकाने क्लच सोडला. नंतरचा थोडा वेळ मला काही दिसलं नाही. टायरने पहिल्या फेऱ्यात ढीगभर वाळू उचलून माझ्यावर ओतली. निरांजन, ताट, चष्मा, तोंड, सगळं लाल वाळूखाली. लिंबू त्यातून तोफेसारखं सुटलं आणि दहा हात लांब चहा पीत बसलेल्या हमदुल्लाच्या छातीवर आपटलं. तो पेला सांभाळत म्हणाला, "साब, बीबीजी ने चकली का हिसाब किया."

मी डोळे पुसले तोवर मिहिका टेकडीच्या अर्ध्यावर होती. पडली, उठली, पुन्हा पडली. मी धावणार होतो, रोनितने हात धरला. मग ती चढायला लागली, मागे वाळूचा पंखा उडत होता, आणि कड्यावर क्षणभर थांबून पलीकडे दिसेनाशी झाली. आवाज बारीक होत गेला, गेला. नंतर काहीच ऐकू येईना. वारा वाळूच्या रेघा सरकवत होता, तेवढंच. मला वाटलं, संध्याकाळ झाली आहे आणि मी वरच्या मजल्यावर दार उघडायची वाट बघत बसलो आहे.

तेवढ्या वेळात मी एक काम उरकलं. घरून केळीच्या पानावर दहीभात आणला होता. तो थोड्या अंतरावर ठेवला. टायर घातल्याचं कावळ्याला कळवायला हवं ना. खाडीवर कावळे ढिगाने आहेत, आपल्याकडचेच, जहाजांतून आले म्हणतात. पण तिथे वाळवंटात एकही नव्हता. चिमणीसुद्धा नव्हती.

मिहिका परत आली, हेल्मेट काढलं. चेहरा लाल, केसांत वाळू. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते हे आपल्याला खटकतं, म्हणून मुद्दाम लिहितो. ती मराठीत म्हणाली, "बाबा, मागे बसा."

आशाचं ते वाक्य मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. मागे जागा नाही हे यावेळी मी बोललो नाही. मागच्या चाकावरच्या प्लॅस्टिकच्या मडगार्डवर कसाबसा टेकलो आणि तिच्या कमरेला धरलं. गाडी हलली. आम्ही गेलो. फार नाही, आपल्या अंगणाच्या टोकापासून फाटकापर्यंत जेवढं असेल तेवढं. मग मडगार्ड वाकलं आणि मी अगदी शांतपणे, कोणी खाली ठेवावं तसा, वाळूत उतरलो. उसण तेव्हा भरली, पण ते नंतर कळलं. वाळू वरून ऊन आणि आत गार होती. वर नुसतं आकाश. मला उठावंसं वाटेना.

पडल्या जागेवरून दहीभाताचं पान दिसत होतं. मी आकाशाकडे बघून म्हणालो, आशा, टायर घातले. काही झालं नाही. जरा थांबून मी आणखी एक वाक्य बोललो. (ते ताज्या कलमात लिहितो. इथे धीर होत नाही.) आणि कड्यावरून एक उंट आला. कावळा आला असं लिहिलं असतं तर पत्राला शोभा आली असती, पण उंट आला. कशाचीच घाई नसल्यासारखा चालत आला, दहीभात खाल्ला, पान खाल्लं, हँडलवरचा हार खाल्ला, नव्या टायरचा वास घेतला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि निघून गेला.

तर विचारायचं होतं ते हे, की उंट शिवला तर चालतो का? गुरुजींना विचारून कळवावं. शास्त्रात नसेल तर परदेशाच्या सोयीने काही आहे का तेही विचारावं.

भाऊसाहेबांना नमस्कार सांगावा आणि गुडघ्याला सांभाळायला सांगावं. जानेवारीत वर्षश्राद्धाला आम्ही दोघे येत आहोत. तोवर आपल्या प्रकृतीस जपावं. इथे मी ठीक आहे, फक्त आडवा आहे.

आपला,
मुरलीधर

ता. क. कोणी येणारं असेल तर उसणीवरचं ते हिरव्या बाटलीतलं तेल पाठवावं. जुने टायर टाकवले नाहीत. पुढच्यात माती भरून बाल्कनीत तुळस लावली आहे, बरी वाढते आहे. मागचा हमदुल्लाने ठेवून घेतला, कशाला ते सांगत नाही.

ता. क. २. ते वाक्य असं होतं: "मिहिकाला मी कुठे पाठवत नाही. ती तिच्या मनाने राहील." ताई, आपण आशाचं शेवटचं सगळं केलंत. रात्ररात्र तिच्या उशाशी बसलात. आपला शब्द मोडायला सांगायची माझी योग्यता नाही. पण घाटावर कावळा आपल्या शब्दाला शिवला की माझ्या टायरांना, हे नक्की नसताना एका मुलीचं लग्न त्याच्यावर ठरू नये. आपण तिला त्या शब्दातून मोकळं करावं, एवढीच विनंती आहे. हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं. फोटो जपून परत पाठवत आहे, चौघांचाही.

ता. क. ३. आत्ता हमदुल्ला तब्येत बघायला येऊन गेला. त्याला उंटाबद्दल विचारलं. म्हणाला, "साब, ऊँट को भूख लगा था." विचार केला तर हे पटण्यासारखं आहे. मग घाटावर कावळ्यालाही भूकच लागली असेल. म्हणजे आपला शब्द आणि माझा शब्द सारखेच झाले, आणि विचारायला मिहिकाच उरली. म्हणून आताच तिला हाक मारून विचारलं, मिरजेला मावशीकडे राहायला जाशील का? ती जानेवारीची तिकिटं घेऊन आली. दोन्ही जाण्यायेण्याची आहेत. तिने ती दसऱ्याच्या आधीच काढली होती, म्हणजे उंटाच्याही आधी. परतीचं कारण विचारलं तर इंग्रजीत काहीतरी म्हणाली. त्याचं मराठी साधारण असं होतं: बाबा, टायर अजून नवे आहेत.